विषय: मोटारीला आलेले हेल्मेटचे चलान, आणि किल्लीची वही

प्रेषक: दिलीप (सध्या मुक्काम कोथरूड)

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझी पांढरी मोटार आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी चालवलेली आहे, तेव्हा तिची ओळख करून देत नाही. तिला गिऱ्हाईक मिळाले आहे आणि विसारही घेतला आहे, परंतु हस्तांतरण दोन ई-चलानांपाशी अडले आहे. दंड भरा किंवा चलान रद्द करून आणा, त्याशिवाय कागद पुढे सरकणार नाहीत, असे एजंटाचे म्हणणे आहे. एक चलान पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे, रुपये 2000. दुसरे सिंहगड रस्त्यावर विनाहेल्मेट दुचाकी चालवल्याचे, रुपये 500. दोन्ही एकाच दुपारची आहेत. संक्रांतीच्या मेळाव्याच्या पाहुण्यांना मुंबईच्या विमानतळावरून आणले, ती दुपार.

दुसऱ्या चलानावरचा फोटो मोठा करून पाहिला. स्कूटर आहे, हूकला भाजीची पिशवी लटकते आहे, आणि मागे बसलेल्या बाईंच्या पदराने पाटीवरचा शेवटचा आकडा उजव्या बाजूने झाकला आहे. तो 8 असावा. यंत्राने 6 वाचला आणि तो 6 माझा निघाला. वाहनाच्या नोंदीत माझा जुना भारतीय मोबाइल क्रमांक आहे. तो बंद पडून आता दुसऱ्याच कोणाकडे गेला असल्याने चलानाचे संदेश त्या गृहस्थांना जात राहिले.

मी पुढच्या आठवड्यात परत निघतो आहे. त्या दिवशी गाडी कोणाकडे होती, हे मंगलाताईंनी किल्लीची वही, म्हणजे गाडी कोणी नेली याची नोंद, पाहून कृपया कळवावे.

प्रेषक: मंगला

दिलीपराव, वही माझ्याकडेच आहे आणि ती कोणालाही केव्हाही पाहता येईल. त्या दिवसाच्या रकान्यात "मंडळाचे काम" एवढेच लिहिलेले असून सही कोणाची ते ओळखता येत नाही. नाव, वेळ आणि किलोमीटर असे तीन रकाने मी आखले होते. ते "अनावश्यक" म्हणून कोणाच्या सूचनेवरून रद्द झाले, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे.

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

मंगलाताईंच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर येथे देत नाही. मोटार मंडळाच्या मालकीची नाही, त्यामुळे दोन्हीपैकी कोणताही दंड मंडळाच्या खात्यातून भरता येणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. दिलीपरावांना माझा वैयक्तिक सल्ला असा, की 500 रुपये भरून मोकळे व्हावे. तक्रारीच्या मागे लागून व्यवहार फिसकटला, तर नुकसान कितीतरी पटींनी मोठे होईल.

प्रेषक: वसंत

अविनाशरावांचा सल्ला सोयीचा असला, तरी मला तो पटत नाही. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. लोकअदालतीत गेलात तरी तेथे तडजोड होते, निर्दोषत्व सिद्ध होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये 167-अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, नोंदीवर ठिकाण, दिनांक आणि वेळ हवी, आणि गुन्ह्यापासून 15 दिवसांत नोटीस पोहोचली पाहिजे, असे तो सांगतो. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना यंत्र चुकू शकते याची जाणीव होती. मात्र पाटी वाचणारे यंत्र आणि चलान पाठवणारा संगणक यांच्यामध्ये फोटोकडे एकदा नजर टाकणारा माणूस असेल, असे त्यांनी गृहीत धरले असावे. तो माणूस येथे जागेवर नव्हता, एरवी नोंदणीत चारचाकी आणि फोटोत स्कूटर ही तफावत शाळकरी मुलालाही दिसली असती.

2019 च्या जानेवारीत ज्या शहरात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली होती, त्या शहरात मोटारीने हेल्मेट घातले नाही म्हणून दंड व्हावा, हे पुण्याला शोभून दिसते.

द्रुतगती मार्गाचा प्रश्न वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तेव्हा त्या दिवशी चालवणाऱ्याने आता बोलावे हे उत्तम.

प्रेषक: सुरेश

मी त्या दिवशी मागच्या सीटवर होतो. वाटेत आपण फूड मॉलला बराच वेळ थांबलो, पाहुण्यांना बटाटेवडा हवा होता. द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधल्या वेगाची सरासरी काढतात असे ऐकून आहे. मग इतका वेळ थांबल्यावर सरासरी 100 च्या वर कशी जाईल? हे चलानही चुकीचेच असणार.

प्रेषक: वसंत

सुरेशराव, जुलै 2024 पासून सुरू झालेल्या त्या यंत्रणेत सरासरी वेग मोजतात, तसा एका जागेवरचा वेगही मोजतात. वड्याचा वेळ पहिल्या हिशेबात उपयोगी पडेल, दुसऱ्यात पडणार नाही. शिवाय फूड मॉल त्या दोन कमानींच्या मध्ये होता, की त्यांच्या पलीकडे, हे पाहिल्याशिवाय बोलता येत नाही. आणि मागच्या सीटवरून चालक दिसत असावा, असा माझा समज आहे.

प्रेषक: स्नेहा (सध्या बावधन, एरवी टोरांटो)

वसंतकाका, यंत्राला सरसकट बदनाम करू नये असे मला वाटते. कॅनडातील आमच्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने 14 नोव्हेंबर 2025 पासून वेगाचे कॅमेरे बंद केले, तेव्हा ही पैसे उकळण्याची युक्ती आहे असेच त्यांचे म्हणणे होते. टोरांटोच्या पार्कसाइड ड्राइव्ह या रस्त्यावरचा कॅमेरा लोकांनी अनेकदा कापून पाडला, एकदा तर हाय पार्क या बागेतल्या बदकांच्या तळ्यात नेऊन टाकला, आणि त्याचे कौतुक करणारे आपल्या मंडळातही होते. परंतु सिककिड्स रुग्णालय आणि टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ यांच्या 2025 च्या अभ्यासात शाळांच्या परिसरात वेगमर्यादा मोडणाऱ्या वाहनांचे प्रमाण कॅमेऱ्यांमुळे 45 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. माझी मुलगी शाळेच्याच वयाची आहे, त्यामुळे मला तो आकडा विसरता येत नाही.

तेथेही दंड मालकाच्याच नावाने यायचा, मात्र चालकाच्या परवान्यावर दोषगुण चढत नसत. मालकाने पैसे भरायचे आणि चालकाला झळ नाही, ही त्या पद्धतीची खोट मला मान्य आहे. आपल्या वहीत नेमके तेच झाले आहे.

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

वही हा मंडळाचा अधिकृत दस्तऐवज नाही.

प्रेषक: मंगला

तो तसा व्हावा, म्हणूनच रकाने आखले होते.

प्रेषक: सुरेश

सिंहगड रस्त्यावरचा फोटो कॅमेऱ्याचा आहे, की कोणाच्या मोबाइलवरचा? खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करण्यास राज्यात जुलै 2025 मध्ये मनाई झाली आहे. तसा असेल तर तक्रारीत तोही मुद्दा घ्यावा.

प्रेषक: दिलीप

फोटो वरून घेतलेला दिसतो, म्हणजे खांबावरचाच असावा. तो मुद्दा घेत नाही.

काल फास्टॅगचा तपशील काढला. स्कूटरचा फोटो दुपारी 1 वाजून 20 मिनिटांचा आहे आणि 1 वाजून 12 मिनिटांनी माझी मोटार खालापूर टोल नाक्यावरून गेली आहे. आठ मिनिटांत खालापूरहून घाट चढून सिंहगड रस्त्यावर पोहोचणे कोणालाही शक्य नाही, मग वाटेत वडा खाल्लेला असो वा नसो. हा पुरावा जोडला की हेल्मेटचे चलान टिकणार नाही. अडचण अशी, की त्याच पुराव्याने मोटार त्या वेळी द्रुतगती मार्गावर होती हेही माझ्याच हाताने सिद्ध होते. 500 रुपये वाचवायला निघालो, की 2000 रुपयांबद्दल बोलायला जागा राहत नाही.

तरीही मी तक्रार करणार आहे. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर फोटो, नोंदणीपत्र आणि टोलची नोंद जोडून अर्ज आज रात्री पाठवतो. द्रुतगती मार्गाचा दंड मी सध्या भरतो. गाडी ज्यांनी चालवली, त्यांनी मला एकट्याला कळवले तरी चालेल.

प्रेषक: वसंत

योग्य निर्णय. तक्रारीत "गाडी तेथे नव्हती" एवढेच लिहू नका, "फोटोतील वाहन दुचाकी असून नोंदणीतील वाहन चारचाकी आहे" हे पहिले वाक्य असू द्या. वाचणारा बहुधा पहिलेच वाक्य वाचतो.

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

दिलीपराव, त्या फास्टॅगमध्ये मेळाव्याच्या आधी मंडळाच्या खात्यातून पैसे भरले होते. गाडी विकण्यापूर्वी उरलेली शिल्लक किती, ते कळवावे.

प्रेषक: मंगला

आणि किल्लीची दुसरी जोडी अजून आलेली नाही. ती कोणाकडे आहे, हे सुरेशरावांना ठाऊक असावे.