किनारा पुन्हा पुन्हा साफ करून नेमके काय साधते? कॉर्नवॉलच्या सर्फरांच्या निमित्ताने एक प्रश्न

दापोलीकरीण

मी मूळची दापोली तालुक्यातली. नोकरीनिमित्त गेली तीन वर्षे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथे राहते. येथे सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणे, हा केवळ सुट्टीतल्या पाहुण्यांचा खेळ नाही. सुतारकाम करणारे, शाळेत शिकवणारे, निवृत्त झालेले असे सगळ्या वयांचे लोक ऐन जानेवारीतही जाड रबरी वेटसूट चढवून आणि फळी काखेत मारून पाण्यात उतरतात. त्यांच्यातलाच एक गट दर पंधरा दिवसांनी पोर्थटोवन गावाचा किनारा साफ करतो आणि ऑक्टोबरपासून मीही त्यांच्याबरोबर जाते. (मला पोहता येते, पण फळीवर एकदाही उभे राहता आलेले नाही, हे आधीच सांगून टाकते.)

आम्हाला तेथे मिळतात त्या वस्तू अशा: मासेमारीच्या दोरांचे निळे-नारिंगी तुकडे, कान कोरण्याच्या काड्यांचे प्लास्टिकचे दांडे आणि मसुरीच्या दाण्याएवढे असंख्य प्लास्टिकचे मणी. एकदा मला लेगोचा एक इवलासा तुकडा सापडला. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी कॉर्नवॉलच्या लँड्स एंड या टोकाजवळ ‘टोकियो एक्स्प्रेस’ या मालवाहू जहाजावर प्रचंड लाट आदळून त्यावरचे ६२ कंटेनर समुद्रात पडले आणि त्यांपैकी एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते, हे मला त्या दिवशी कळले. आज इतक्या वर्षांनंतरही ते किनाऱ्याला लागत आहेत.

माझी शंका येथूनच सुरू होते. आम्ही दोन तास वाकून जो पट्टा लख्ख करतो, तो पुढच्या खेपेला जसाच्या तसा भरलेला असतो. दापोलीत असलेल्या माझ्या भावाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, समुद्राला झाडू मारायला तू विलायतेला गेलीस काय?” मे महिन्यात मी गावी जाणार आहे आणि तेथे असे काही सुरू करावे, असे मनात आहे. त्याआधी जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या श्रमांचा प्रत्यक्ष उपयोग होतो का? आणि किनाऱ्यावर फिरायला तर सगळेच येतात, मग या कामात सर्फरच एवढे पुढे का?

सेंट ॲग्नेसचा शेजारी

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. सर्फर पुढे आले ते समुद्रावरच्या कोणत्या उदात्त प्रेमापोटी नव्हे, तर त्यांच्या नाकातोंडात मैलापाणी जात होते म्हणून. १९९० च्या मे महिन्यात, तुम्ही जेथे कचरा वेचता त्याच पोर्थटोवन आणि शेजारच्या सेंट ॲग्नेस या गावांतील काही सर्फरांनी ‘सर्फर्स अगेन्स्ट सुएज’ (मैलापाण्याविरुद्ध सर्फर) ही संघटना स्थापन केली. त्या काळी ब्रिटनमधील कितीतरी किनारी गावांचे मैलापाणी फारशी प्रक्रिया न करता नळाने सरळ समुद्रात सोडले जाई. लाटेवरून पडणारा माणूस पोहणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी गिळतो. त्यामुळे घसा, कान आणि पोट यांच्या तक्रारी हा येथील सर्फरांचा नेहमीचा अनुभव होता. वेटसूटवर गॅस मास्क घालून आणि हवा भरलेली एक भलीमोठी विष्ठा खांद्यावर घेऊन ही मंडळी निदर्शने करीत असत. आपल्या सोवळ्या नजरेला ते किळसवाणे वाटेल. पण सरकारी अहवालात ज्याला सभ्य भाषेत सांडपाणी म्हणतात ते प्रत्यक्षात काय आहे, हे लोकांना एका दृष्टिक्षेपात कळले.

१९९१ मध्ये युरोपीय पातळीवर शहरी सांडपाण्याच्या प्रक्रियेसंबंधी कायदेशीर बंधन आले आणि पुढच्या दशकात येथील पाणी खरोखर सुधारले. तथापि प्रश्न मिटला नाही, त्याचे रूप पालटले. इंग्लंडमधील पुष्कळ जुन्या वस्त्यांत पावसाचे पाणी आणि घरातील मैलापाणी एकाच नळातून वाहते. जोराचा पाऊस झाला की तो नळ तुंबू नये आणि मैला उलटा घरात येऊ नये, यासाठी ठेवलेल्या वाटेने ते सगळे नदीत किंवा समुद्रात सोडले जाते. ही सोय अपवादात्मक प्रसंगांसाठी होती. २०२३ या एका वर्षात इंग्लंडमध्ये अशा ४,६४,०५६ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांचा एकत्रित कालावधी सुमारे ३६ लाख तास भरला.

आता यातली खरी मेख पाहा. येथे स्नानयोग्य किनाऱ्यांच्या पाण्याची सरकारी तपासणी १५ मे ते ३० सप्टेंबर या काळात होते. अटलांटिकच्या उत्तम लाटा येतात हिवाळ्यात, पाऊस पडतो हिवाळ्यात आणि मैलाही सर्वाधिक सोडला जातो तो हिवाळ्यातच. म्हणजे ज्या महिन्यांत पाणी सर्वांत घाण असण्याचा संभव, त्याच महिन्यांत त्यात उतरणारे मुख्यतः सर्फर आणि तपासणारे कोणीच नाही. म्हणून ही संघटना आता मैला सोडल्याची सूचना मोबाइलवर देण्याची सेवा चालवते. एक्सेटर विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४३ सर्फरांपैकी १३ जणांच्या आतड्यांत प्रतिजैविकाला न जुमानणारे ई. कोलाय जिवाणू आढळले, तर पाण्यात न उतरणाऱ्या १३० जणांत असे चौघेच होते. त्या अभ्यासासाठी नमुने देणारे स्वयंसेवक मिळवून देण्यातही या संघटनेचा हात होता.

कचऱ्याचेही असेच आहे. तुम्हाला मिळणारी कान कोरण्याची काडी सहलीला आलेल्या माणसाने वाळूत टाकलेली नसते. ती कोणीतरी घरच्या संडासात टाकलेली असते, चाळणीतून निसटलेली असते आणि मैल्याबरोबर समुद्रात आलेली असते. तुमच्या त्या मसुरीसारख्या मण्यांत दोन प्रकार असतात: गुळगुळीत मणी हा प्लास्टिक कारखान्यांचा कच्चा माल; पण बाजूने खाचा असलेला मणी मैलापाणी प्रक्रिया केंद्रांत जिवाणूंना चिकटायला जागा म्हणून वापरतात त्यांपैकी असतो. म्हणजे समुद्र स्वच्छ राखण्यासाठी उभारलेल्या केंद्रातूनच तो निसटलेला असतो! पुढच्या वेळी भिंग घेऊन पाहा.

किनारा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो, हे खरेच आहे. म्हणून येथील जाणती मंडळी कचरा नुसता उचलत नाहीत, मोजतात. मरीन कॉन्झर्वेशन सोसायटी या ब्रिटनमधील सागरसंवर्धन संस्थेचे स्वयंसेवक १९९४ पासून किनाऱ्याचा १०० मीटरचा पट्टा आखून त्यातील प्रत्येक वस्तूची प्रकारवार नोंद करीत आले आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये प्लास्टिक दांड्यांच्या काड्यांच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हा पुढे ठेवलेल्या पुराव्यांत अशा वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. तुमचा गट नोंद ठेवत नसेल, तर तुमच्या भावाची थट्टा निम्मी खरी आहे.

सान दिएगोचा नाना

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु नुसते उचलणे निरर्थक, असा त्याचा अर्थ होत असेल तर मला मान्य नाही. उन्हात आणि लाटांत पडलेले प्लास्टिक ठिसूळ होऊन फुटते. आज एका मुठीत येणारी वस्तू दोन वर्षांनी हजार कपच्या होते आणि मग ती कोणालाही वेचता येत नाही.

मी कॅलिफोर्नियात ‘सर्फरायडर फाउंडेशन’च्या स्थानिक शाखेत काम करतो. १९८४ साली मालिबूच्या सर्फरांनी आपल्या लाटेच्या आणि तेथील पाण्याच्या काळजीपोटी ही संस्था सुरू केली. माझ्याकडे पाणी तपासण्याचे काम आहे. कंबरभर पाण्यात जाऊन बाटली भरायची, पाण्यात ठरावीक पूड मिसळायची, कप्पे असलेल्या तबकात ते मिश्रण ओतून तबक सीलबंद करायचे आणि ४१ अंश सेल्सियसला २४ तास ठेवायचे. दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली जितके कप्पे निळसर चमकतील, त्यांवरून एन्टेरोकॉकस या, मैल्याची खूण असलेल्या जिवाणूंचे प्रमाण काढता येते. हे काम शाळकरी मुलेही नीट शिकतात. राज्याच्या कायद्यानुसार येथील गर्दीच्या किनाऱ्यांची साप्ताहिक तपासणी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सक्तीची आहे. उरलेल्या महिन्यांत आमच्यासारख्यांच्या बाटल्यांचा विशेष उपयोग होतो. दक्षिण कॅलिफोर्नियात गटारांचे पावसाळी पाणी बहुतेक ठिकाणी प्रक्रियेविना समुद्रास मिळते, म्हणून पाऊस पडल्यावर ७२ तास पाण्यात उतरू नका, असा सल्ला दिला जातो. लाटा नेमक्या त्याच वेळी सुंदर असतात आणि किती सर्फर तो सल्ला पाळतात, हे न विचारलेले बरे.

या लोकांचे बळ कचऱ्याच्या पिशवीपुरते मर्यादित नाही, याचे एक उदाहरण देतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील ट्रेसल्स या प्रसिद्ध लाटेच्या मागच्या खोऱ्यातून टोलरस्ता काढण्याची योजना होती. त्या बांधकामाने ओढ्यातून येणारे वाळू-गोटे अडतील आणि लाट घडवणारा समुद्रतळच बदलेल, असा सर्फरांचा आक्षेप होता. फेब्रुवारी २००८ मध्ये देल मार येथे हजारो लोक सुनावणीला जमले आणि राज्याच्या किनारा आयोगाने ८ विरुद्ध २ मतांनी योजना नाकारली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेलगत, इम्पीरियल बीच येथे तिहुआना नदीतून येणाऱ्या मैलापाण्यामुळे किनारा वर्षानुवर्षे बंद राहिला आहे. तेथील तत्कालीन महापौर स्वतः सर्फर होते. शहराने आणि आमच्या संस्थेने २०१८ मध्ये न्यायालयात दावेही लावले. एवढे करूनही पाणी स्वच्छ झालेले नाही. दोन देशांच्या मधल्या नळाला कोणाची पिशवी पुरत नाही.

काठावरचा

मी सर्फिंगच्या विरोधात नाही, पण एक बोचरी गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. नेहमीच्या सर्फबोर्डचा गाभा पॉलियुरेथेनच्या फोमचा, वरचे आवरण पॉलिएस्टर रेझिनचे आणि वेटसूट निओप्रीन या कृत्रिम रबराचा. जीर्ण झाल्यावर यांतल्या कशाचेही पुढे फारसे काही करता येत नाही. शिवाय लाटेच्या शोधात विमानाने अर्धी पृथ्वी पालथी घालायची ती वेगळीच. नैसर्गिक रबराचे वेटसूट आता मिळू लागले आहेत, पण महाग आहेत. समुद्राचे रक्षक म्हणून मिरवण्याआधी आपल्या काखेतल्या फळीचाही हिशेब मांडावा, एवढेच म्हणणे आहे.

रापणकर, मालवण

काठावरच्यांचा मुद्दा मान्य. मात्र दापोलीकरीण ताईंना मे महिन्यात करायचे काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला आहे.

शेजाऱ्यांच्या उत्तरातील मर्म असे की, जो रोज पाण्यात उतरतो त्यालाच पाण्याची बातमी आधी लागते. कॉर्नवॉलमध्ये तो सर्फर असेल. आपल्या कोकणात तो मच्छीमार आहे. आम्ही रापण ओढतो, म्हणजे होडीने जाळे समुद्रात फिरवून आणतो आणि त्याची दोन टोके वीस-तीस माणसे किनाऱ्यावरून ओढतात. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या काही खेपांत मासळीबरोबर पिशव्या, चपला आणि थर्माकोल इतके येते की, निवडता निवडता हात दुखतात. कोणत्या वाऱ्यानंतर कोणता कचरा लागतो, हे आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. ते त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. तेव्हा हातमोजे वाटण्याआधी कोळीवाड्यात जाऊन बसा. “आम्ही तुमचा किनारा साफ करायला आलो” हे वाक्य मात्र चुकूनही बोलू नका.

दुसरी गोष्ट अनुभवाची. आमच्या बाजूच्या एका गावात मोठ्या उत्साहाने मोहीम झाली, फोटो निघाले, साठेक गोणी भरल्या आणि त्या उचलायला कोणीच आले नाही. महिनाभर त्या सुरूच्या बनात पडून राहिल्या, कुत्र्यांनी फाडल्या आणि पहिल्या उधाणाला सगळे परत पाण्यात गेले. गोणी कोठे जाणार, हे ग्रामपंचायतीशी आधी ठरवावे, तारीख त्यानंतर.

भावाला वर्सोव्याचे उदाहरण सांगा. वकील अफरोज शाह यांनी तेथे ऑक्टोबर २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली आणि मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे गेली. पण पुढे तेच कार्यकर्ते मिठी नदीवरही गेले, कारण कचरा कोठून येतो हे वाकून वाकून त्यांना समजले होते.

दापोलीकरीण

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मी भिंग घेऊन गेले होते. एका चौरस हातात ३१ मणी मिळाले, त्यांपैकी १९ खाचांचे. आमच्या गटात नोंदी ठेवल्या जातात, पण त्या एकच गृहस्थ ठेवतात आणि आम्ही बाकीचे तोवर चहा पीत असतो, असे विचारल्यावर कळले. पुढच्या वेळेपासून तक्ता माझ्याकडे आला आहे.

गावी मे महिन्यात मोठी मोहीम न करता, ओळखीच्या खलाशांना विचारून १०० मीटरचा एकच पट्टा आखायचा आणि तो मोजायचा, असे ठरवले आहे. भाऊ दोरी धरायला तयार झाला आहे, थट्टा सुरूच आहे. इंग्रजी तक्ता मराठीत करायला बसले, तेव्हा लक्षात आले की त्यातले निम्मे रकाने आपल्याकडे रिकामे राहतील आणि आपल्याला हवे असलेले त्यात नाहीतच. मी आतापर्यंत हे घातले आहेत: गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल, चपला, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, निर्माल्याच्या पिशव्या, औषधाच्या बाटल्या. आणखी काय घालावे?

रापणकर, मालवण

चपलांचे दोन रकाने करा, डावी आणि उजवी. आमचे आजोबा म्हणत की एका वाऱ्याला डाव्या लागतात आणि दुसऱ्याला उजव्या. खरेखोटे आमच्याकडे कोणी मोजलेले नाही. आणि बर्फाच्या पेट्यांचा थर्माकोल वेगळा लिहा. तो आमचाच असतो.