कबुतराच्या पिल्लांवर चपट्या माश्या, शहरातल्या पक्ष्यांना परजीवी जास्त होतात का?

खिडकीतली_दादर: आमच्या एसीच्या आउटडोअर युनिटमागे कबुतराची दोन पिल्लं आहेत. काल एकाच्या पंखाखालून तपकिरी चपटी माशी निघाली, खेकड्यासारखी तिरकी पळाली आणि परत पिसांत घुसली, आई म्हणते गोचीड, पण ती उडाली हो! दुसऱ्याच्या चोचीत पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी साचलंय, ते खातच नाहीये. गावाला परसात एवढे पक्षी येतात पण असं कधी बघितलं नाही. शहरामुळे होतं का हे? घरात लहान बाळ आहे म्हणून जास्त काळजी वाटते.

रेस्क्यू_परळ: ताई आधी न खाणारं पिल्लू बघा. खोक्यात कपडा घालून ठेवा आणि आजच परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात न्या. पिवळं खरवडू नका, रक्त येतं, आणि बळजबरीने भरवूही नका. बहुतेक कँकर आहे, म्हणजे ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म परजीवीचा रोग, पण कबुतरांच्या देवीच्या फोडांमुळेही तोंडात असं दिसू शकतं म्हणून डॉक्टरांनीच बघायला हवं. कबुतरं गळ्यातलं दूध पिल्लाला भरवतात त्यातून हा जातो, आणि एकाच भांड्यात पन्नास जणांनी चोच घातली की त्यातूनही. ब्रिटनमध्ये 2005 पासून बागेतले ग्रीनफिंच नावाचे छोटे पक्षी ह्याच रोगाने प्रचंड संख्येने मेले, लोक प्रेमाने दाणे ठेवायचे तिथेच एकमेकांकडून लागण व्हायची. माणसाला हा होत नाही.

झूलॉजी_टीवाय: माशी म्हणजे कबुतरांची रक्त पिणारी माशी, तिच्यातून कबुतरांच्या रक्तात हिमोप्रोटियस जातो, मलेरियाच्या जंतूचा भाऊबंद, पण तो माणसाला लागत नाही. माशी चुकून चावते मात्र. घरट्याखाली काळे चकचकीत दाणे दिसले तर ते तिचे कोष.
शहरात सगळंच वाढतं असं नाही हं. युरोपात शहरातल्या ब्लॅकबर्ड पक्ष्यांवर जंगलातल्यांपेक्षा गोचीड कमी सापडले, कारण गोचीडाला गवत, पालापाचोळा लागतो, सिमेंटवर काय करणार तो. पण जो गर्दीतून, विष्ठेतून, एका भांड्यातून पसरतो त्याचं फावतं, आणि आपल्याकडे कबुतरं वर्षभर अंडी घालतात म्हणजे माशीला बाराही महिने पिल्लं मिळतात. गटारातल्या क्युलेक्स डासांचं पण तसंच, मलेरियावर काम करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसने 1898 ला कोलकात्यात पक्ष्यांचा मलेरिया ह्याच जातीच्या डासांतून पसरतो हे दाखवलं होतं.

गिरगाव_चाळ: आमच्या चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटकं आणतात, ते कशासाठी?

झूलॉजी_टीवाय: काका, मेक्सिको सिटीत ह्यावर अभ्यास झालाय! ज्या घरट्यात थोटकांचा कापूस जास्त तिथे पिसांतले किडे कमी निघाले, निकोटिनमुळे. पण पिल्लांच्या रक्तपेशींना त्याने इजा होते हेही दिसलं, त्यामुळे मला तरी वाईटच वाटतं.

रेस्क्यू_परळ: आणि ताई, पाण्याचं भांडं रोज घासून उन्हात कडकडीत वाळवा, ट्रायकोमोनास कोरड्यात टिकत नाही. विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा, मास्क लावा, बाळाला त्या खोलीत ठेवू नका, त्या धुळीने छातीचा त्रास होतो.

खिडकीतली_दादर: थँक्यू सगळ्यांना. पिल्लू दुपारी देऊन आले, घशात बरंच आत गेलंय म्हणाले, औषध सुरू केलंय, उद्या फोन करायचाय. घरट्याखाली काळे दाणे खरंच होते, आठ मोजले. दुसरं पिल्लू खातंय अजून, त्याची आई आत्ताच येऊन भरवून गेली.