मजूरही अडवायचे, टोमॅटोही अडवायचे, आणि भाव मात्र तोच हवा?

कासरा (धागाकर्ता)

अमेरिकेत सध्या दोन मागण्या बहुधा एकाच तोंडून ऐकू येतात. परवान्याविना आलेल्या परदेशी मजुरांना परत पाठवावे ही पहिली, आणि बाहेरून येणाऱ्या शेतमालावर शुल्क लावून देशी शेतकऱ्याला संरक्षण द्यावे ही दुसरी. दोन्हींच्या बाजूने स्वतंत्रपणे बोलता येते आणि तसे बोलणारे सगळेच अडाणी नाहीत. माझा आक्षेप इतकाच आहे की, जी पिके हाताने तोडावी लागतात त्यांच्या बाबतीत या दोन मागण्या एकत्र आल्या की पहिली दुसरीचे पाय ओढते.

टोमॅटोचेच पाहू. मेक्सिकोचा टोमॅटो ठरावीक किमान भावाखाली विकायचा नाही असा करार १९९६ साली झाला आणि पुढे तो वेळोवेळी नव्याने लिहिला गेला. १४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने तो संपवला आणि तिथून येणाऱ्या बहुतेक ताज्या टोमॅटोवर १७.०९ टक्के डंपिंगविरोधी शुल्क (परदेशी माल वाजवीपेक्षा कमी भावात विकला जातो म्हणून लावलेले) लागू झाले. ही मागणी मुख्यतः फ्लोरिडातील उत्पादकांची होती. आता शुल्कामुळे त्यांच्या मालाला भाव मिळेल असे धरले, तरी तो माल तोडणार कोण? तिथला ताजा टोमॅटो हिरवा असतानाच हाताने तोडला जातो आणि तोडणारे हात प्रामुख्याने मेक्सिको, ग्वाटेमाला आणि हैतीतून आलेले आहेत. अमेरिकेच्या मजूर खात्याच्या स्वतःच्या पाहणीनुसार पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के लोकांकडे कामाचा वैध परवाना नाही. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्डच्या पट्ट्यात शेतांवर धाडी पडल्या तेव्हा अनेक मजूर घराबाहेर पडेनासे झाले आणि तोडणीला आलेला माल रानातच राहिला.

यावर सरकारचेच उत्तर बोलके आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मजूर खात्याने एच-२ए या हंगामी शेतमजूर व्हिसाच्या वेतनाचा नियम बदलला. त्या नियमाच्या प्रस्तावनेत खात्यानेच लिहिले की, बेकायदा मजुरांची आवक जवळपास थांबली आहे आणि देशी मजूर मिळत नाहीत, त्यामुळे अन्नधान्याच्या उत्पादनाला आणि किमतींना धोका आहे. सोनारानेच कान टोचले म्हणायचे. पण इलाज कोणता केला, तर व्हिसावर येणाऱ्या मजुराचे किमान वेतन खाली आणले.

माझे म्हणणे असे की, हातानेच तोडावे लागणारे फळ खायचे असेल तर एक तर हात सीमा ओलांडतील किंवा फळ ओलांडेल. दोन्ही दारे लावून घेतल्यावर महागाईबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

रोखठोक

मुद्दा मांडणी म्हणून देखणा आहे, पण मी सहमत नाही. ‘मजूर गेले की भाव भडकतील’ ही भीती बागायतदारांच्या संघटना कित्येक दशके दाखवत आल्या आहेत आणि तिचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

तो आपण मांडू. फ्लोरिडातील इमोकाली येथे मजूर ३२ पौंडांची बादली भरून, ती खांद्यावर घेऊन, ट्रकपाशी पळत नेतो. काम उक्ते असते आणि वर्षानुवर्षे एका बादलीला साधारण ५० सेंट मिळत होते, म्हणजे पौंडामागे दीड सेंट. इमोकालीच्या मजुरांच्या संघटनेने मोठ्या खाद्य कंपन्यांकडे मागितले काय, तर पौंडामागे फक्त एक सेंट जास्त. टाको बेल या फास्ट फूड साखळीने चार वर्षांच्या बहिष्कारानंतर २००५ मध्ये ते मान्य केले. बादलीला ३२ सेंट वाढले की मजुराची कमाई दीडपटीच्या पुढे जाते आणि दुकानात दोन-तीन डॉलर पौंडाने टोमॅटो घेणाऱ्याला त्या एका सेंटचा पत्ताही लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतले कृषी अर्थतज्ज्ञ फिलिप मार्टिन यांनी हाच हिशेब देशपातळीवर वेळोवेळी केला आहे. शेतमजुरी ४० टक्क्यांनी वाढली आणि ती सगळी ग्राहकावर टाकली, तरी एका कुटुंबाचा ताज्या फळभाज्यांवरचा खर्च वर्षाला वीस-पंचवीस डॉलरने वाढेल असे ते सांगतात.

दुसरे म्हणजे, ‘हात किंवा फळ’ या दोनच वाटा आहेत हे खरे नाही. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन मजूर करारावर आणले जात होते. ती बंद होऊ घातली तेव्हा कॅलिफोर्नियाचे टोमॅटो उत्पादक म्हणत होते की आता हा धंदा मेक्सिकोतच जाणार. प्रत्यक्षात तिसरी वाट निघाली आणि ती यंत्राची होती. १९६३ मध्ये प्रक्रियेच्या टोमॅटोपैकी जेमतेम दीड-दोन टक्के माल यंत्राने काढला जात होता, तो १९६८ पर्यंत सुमारे ९५ टक्क्यांवर गेला. स्वस्त मजूर मिळत राहिला असता तर हे यंत्र आणखी वीस वर्षे शेडमध्ये पडून राहिले असते.

तळटीप

रोखठोक यांच्या आकड्यांबद्दल वाद नाही, पण ते अर्धीच गोष्ट सांगतात.

यंत्राने काढला गेलेला तो टोमॅटो केचप आणि डबाबंद रसाचा होता, कापून खायचा नव्हे. शिवाय ते यंत्र टंचाई आली म्हणून रातोरात जन्मले नाही. डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना यांनी १९४० च्या दशकापासून जाड सालीचे, एकाच वेळी पिकणारे आणि आपटले तरी न फुटणारे वाण तयार करण्यावर खपून काम केले होते आणि कोबी लॉरेन्झन यांनी त्या वाणाला जुळेल असे यंत्र बनवले. म्हणजे फळ यंत्राला साजेसे घडवावे लागले. ज्या पिकांसाठी अशी तयारी नव्हती, उदाहरणार्थ शतावरी, स्ट्रॉबेरी किंवा लेट्यूस, तिथे योजना बंद झाल्यावर उत्पादनच आक्रसले.

आणि मजुरीचे काय झाले? क्लेमेन्स, लुइस आणि पोस्टेल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या काळातील राज्यवार मजुरीचे आकडे तपासले. ज्या राज्यांतून ब्रासेरो मजूर मोठ्या संख्येने गेले आणि जिथे ते मुळात नव्हतेच, अशा दोन्ही ठिकाणी देशी शेतमजुराची मजुरी जवळपास सारख्याच चालीने वाढत राहिली. मजूर हाकलल्याचा फायदा ज्यांना व्हायचा होता त्यांना तो झालाच नाही. झाले ते एवढेच की, कॅलिफोर्नियातील टोमॅटो उत्पादकांची संख्या दहा-अकरा वर्षांत चार हजारांच्या घरातून सहाशेच्या आसपास आली, कारण ते यंत्र घेणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते.

सालिनासकर

मी कॅलिफोर्नियातील सालिनास खोऱ्याजवळ काही वर्षे राहिलो आहे, म्हणून पाहिलेले तेवढेच लिहितो.

लेट्यूसच्या वाफ्यांवरून एक लांबलचक पंखांचा सांगाडा गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत असतो. त्याच्या पुढे कमरेत वाकलेली माणसांची ओळ असते. एका हाताने गड्डा वाकवायचा, दुसऱ्या हातातील रुंद पात्याने तो बुडातून छाटायचा, बाहेरची पाने झटकायची आणि वर द्यायचा. वर उभ्या असलेल्या बायका तो पिशवीत घालतात, खोक्यात भरतात आणि खोके रानातच बंद होते. कोणता गड्डा तयार आहे आणि कोणता चार दिवस राहू द्यायचा, हे पाहायला त्या माणसाला सेकंदभरही लागत नाही. यंत्राला ही नजर अजून तितक्या स्वस्तात आलेली नाही.

नोव्हेंबरच्या सुमारास हा सगळा संसार ॲरिझोनातील युमाला हलतो. मुकादम, खोकी भरणारे सांगाडे, इतकेच काय तर पाने धुऊन पिशव्या भरणारे कारखानेसुद्धा. हिवाळ्यात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांचा फार मोठा वाटा तिथून येतो. पहाटे काळोखात सान लुइसच्या सीमेवर माणसांची रांग लागते. ती मेक्सिकोत राहतात, रोज सीमा ओलांडून बसने रानात येतात आणि संध्याकाळी परत जातात. कासरा यांचे वाक्य मला म्हणूनच पटते. त्या रांगेतील माणसे अलीकडे येऊ शकली नाहीत, तर तेच वाफे पलीकडे पडतील. जमीन, ऊन आणि कोलोरॅडो नदीचे पाणी पलीकडेही आहे.

रोखठोक

तळटीप यांनी दाखवलेली त्रुटी मान्य, मजुरी आपोआप वाढत नाही. पण ती वाढवून घेण्याची ताकद कुठून येते, हा माझा प्रश्न आहे. ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस संपली आणि सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानोत द्राक्षबागांचा संप उभा राहिला, तो १९७० मध्ये करार करूनच थांबला. संप फोडायला सरकारी करारावरचे मजूर आणून उभे करण्याची सोय तेव्हा मालकांकडे उरली नव्हती, हे केवळ योगायोगाने घडले असे मला वाटत नाही.

आजच्या एच-२ए व्हिसाला संख्येची मर्यादा नाही. २००५ मध्ये त्याखाली मंजूर झालेल्या जागा पन्नास हजारांच्या आत होत्या, त्या आता पावणेचार लाखांच्या आसपास गेल्या आहेत. मालकाने राहण्याची जागा आणि प्रवासखर्च द्यावा लागतो हे खरे, पण व्हिसा त्याच एका मालकाशी बांधलेला असतो. भांडलात तर काम जाते, कामाबरोबर खोली जाते आणि खोलीबरोबर देशातला मुक्कामही जातो. अशा माणसाच्या मजुरीला आपण ‘बाजारभाव’ कसे म्हणणार?

आणि म्हणूनच धाग्यातील मूळ विसंगती मला विसंगती वाटत नाही. मजुराला जास्त द्यायचे असेल आणि शेजारी देशातून त्याच्या काही अंशाच्या मजुरीत पिकलेला माल बिनशुल्क येत असेल, तर देशी बागायतदार टिकणार नाही. आयातशुल्क ही वाढीव मजुरीची पूर्वअट आहे. दोन्ही दारे एकत्रच लावावी लागतात.

कासरा

हा आतापर्यंतचा सर्वांत वजनदार प्रतिवाद आहे, आणि त्यामुळे माझी मूळ मांडणी मला थोडी मागे घ्यावी लागेल. दुकानातील किमतीचा बागुलबुवा मी उभा करायला नको होता. अमेरिकेत ग्राहकाने अन्नावर खर्च केलेल्या डॉलरपैकी शेतकऱ्याच्या हाती सरासरी १५-१६ सेंटच पोहोचतात. ताज्या फळभाज्यांत त्याहून जास्त पोहोचतात, तरी मजुरी हा त्या तुकड्याचाही एक तुकडाच.

पण नेमके त्यामुळेच ओझे दुकानावर न पडता शेतावर पडते. बागायतदार भाव ठरवत नाही. मोठी किराणा साखळी भाव सांगते आणि तो कमी वाटला तर माल मेक्सिकोतून किंवा पेरूतून येतो. त्याच्या खर्चात मजुरीचा वाटा फळबागेत साधारण दोन पंचमांश असू शकतो. मका-सोयाबीनवाल्याच्या खर्चात तो नगण्य असतो. मजुरी वाढली की पहिला मोडतो तो हाच माणूस.

शुल्क लावून त्याला वाचवायचे म्हणता, तर शुल्क कशावर लागते तेही पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलच्या मालावर एकूण ५० टक्के शुल्क बसले आणि त्यात कॉफीही आली. अमेरिकेत कॉफी पिकते ती मुख्यतः हवाईत, तीही देशाच्या गरजेच्या एका टक्क्याहून कमी. त्या शुल्काने कोणत्या मजुराची मजुरी वाढणार होती? ब्राझील-व्हिएतनाममधील दुष्काळाने कॉफी आधीच महागली होती, त्यात ही भर पडली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने कॉफी, केळी, गोमांस अशा वस्तूंवरचे शुल्क स्वतःहून काढले. किमतींवर परिणाम होत नसता, तर किमतींसाठी म्हणून ते काढावे लागले नसते.

तळटीप

शुल्काला उलट उत्तरही मिळते, हे कोणीच लिहिले नाही. २०१८ मध्ये चीनने अमेरिकन सोयाबीनवर शुल्क लावले आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या नुकसानभरपाईपोटी अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांना सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले. म्हणजे टोमॅटोवाल्याला मिळालेल्या संरक्षणाची किंमत सोयाबीनवाला मोजू शकतो, आणि सोयाबीनवाल्याची करदाता.

रोखठोक यांना एक आठवण. २०११ मध्ये जॉर्जिया राज्याने कडक स्थलांतर कायदा केला. राज्याच्याच पाहणीत शेतावरच्या ११ हजारांहून अधिक जागा रिकाम्या निघाल्या, तेव्हा गव्हर्नरांनी परिवीक्षेवर सुटलेल्या बेरोजगार गुन्हेगारांना काकडी तोडायला पाठवण्याचा प्रयोग सुचवला. त्यांतील बरेच जण दिवस मावळायच्या आत रान सोडून गेले.

रोखठोक

गेले, कारण त्या उन्हात त्या पैशात ते काम कोणीही सोडेल. त्यावरून ‘देशी माणूस हे काम करत नाही’ असे सिद्ध होत नाही, ‘या मजुरीत करत नाही’ एवढेच होते. १९३८ च्या संघराज्याच्या वेतन कायद्याने शेतमजुराला जादा कामाच्या दीडपट पैशांतून वगळले, ते आजतागायत वगळलेलेच आहे. आधी ते द्या, मग कोण येते ते पाहू. कॉफीवरचे शुल्क मूर्खपणाचे होते, त्याचा बचाव मी करणार नाही.

सालिनासकर

दुधाचा उल्लेख राहिला. एच-२ए हंगामी कामासाठी आहे आणि गाय बाराही महिने दिवसातून दोन-तीनदा पिळावी लागते, म्हणून गोठ्यावरच्या कामाला हा व्हिसा एरवी मिळतच नाही. गोठ्यांवरचे निम्म्याच्या आसपास मजूर बाहेरून आलेले आहेत असे उत्पादक संघटना सांगतात. त्यांच्यासाठी कायदेशीर दार लावलेलेही नाही आणि उघडलेलेही नाही, ते भिंतीत काढलेलेच नाही. रोखठोक, तुमच्या योजनेत या माणसाचे काय होते ते वाचायला आवडेल. दूध टोमॅटोसारखे सहज सीमेपलीकडून येत नाही, त्यामुळे इथे शुल्काचा आधार तुम्हाला घेता येणार नाही.