नाशकात राहून समुद्रासाठी मुलांबरोबर काय करता येईल?

कॉलेजरोडकर: मुलं ४ आणि ७ वर्षांची. समुद्री कासवांचं वेड आहे. किनारा साफ करायला दर महिन्याला डहाणू-बोर्डी गाठणं जमणारं नाही. घरात, शहरात, त्यांच्या हाताला झेपेल असं काय करावं? शिवाय घरात पीओपीची जुनी मूर्ती आहे, ती बादलीत विरघळवायचं नेमकं प्रमाण हवं आहे.

दोन_समुद्र: आधी नकाशा पसरा. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते, अरबी समुद्राला पाठ करते आणि १,४६५ किलोमीटर चालून राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्याच डोंगरातली वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते. म्हणजे पंचवटीतल्या नाल्याचा समुद्र डहाणूचा नव्हे, आंध्रचा. तिथे गोदेच्या मुखाशी कोरिंगा अभयारण्य आहे, आणि होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मुलांना बोटाने ही वाट गिरवू द्या.

पण 'तू टाकलेली पिशवी कासव खातं' असं सांगू नका. वाटेत नांदूरमध्यमेश्वर आहे, जायकवाडी आहे, पुढेही बंधारे आहेत. अख्खी पिशवी बहुधा कुठेतरी अडकते, उन्हाने ठिसूळ होते, आणि पूर आला की तिचे तुकडे पुढे सरकतात. घरातून अडवायचं ते हे बारीकसारीकच.

भंगार_शास्त्र: बारीकसारीक म्हणजे दुधाच्या पिशवीचा कोपरा! आपण तो कात्रीने उडवतो, तो ओट्यावरून मोरीत जातो. एवढासा तुकडा ना कुणी वेचतं, ना भंगारवाला घेतो. कापताना पाव इंच जोडलेला ठेवा, कोपरा पिशवीलाच लटकू द्या. पिशवी उलटी करून धुवा, चिमट्याने दोरीवर वाळवा. हे काम ७ वर्षांचं मूल उत्तम करतं. ओली पिशवी गठ्ठ्यात गेली तर चार दिवसांत आंबूस वास सुटतो आणि भंगारवाला सगळा गठ्ठा परत करतो. शांपूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं तो घेणारच नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि चमकीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. त्या घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाका. खरा उपाय म्हणजे बाटली घेणं.

दुसरं, वॉशिंग मशीनची जाळी. तिच्यातला राखाडी लगदा बहुतेक घरांत नळाखाली धुतला जातो. पॉलिस्टरच्या कपड्यांचे धागे त्यातच असतात. जाळी वाळू द्या, मग लगदा चिमटीने उचलून सुक्या कचऱ्यात टाका. मुलांना हे फार आवडतं, का ते विचारू नका.

बादली_विसर्जन: मूर्तीबद्दल. अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतकं घ्यायचं: २ किलोची मूर्ती, २ किलो पावडर. पाणी मूर्ती पूर्ण बुडेल इतकं, बादली निम्मी रिकामी राहील अशी. पावडर तीन-चार हप्त्यांत घाला. एकदम ओतली तर फेस उसळून बाहेर येतो. दिवसातून तीन-चार वेळा लाकडी काठीने ढवळा. दोन-तीन दिवस लागतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, ऑइल पेंटचा जाड थर. पाणी आत शिरत नाही, म्हणून आधी रंग खरवडा. दोन, उघड्या पुडीतली जुनी पावडर. ती हवेत उडून जाते. झोंबणारा वास येत नसेल तर परत करा.

कॉलेजरोडकर: वास मुलांना बाधेल का?

बादली_विसर्जन: बाधेल, अमोनियाच तो. बादली गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत ठेवा, झाकण घट्ट लावू नका (वायू तयार होतो), आणि ढवळणं मोठ्यांनीच करायचं. तळाशी खडूसारखा साका उरतो, वर अमोनियम सल्फेटचं पाणी. ते खत आहे, पण रंगीत मूर्तीचं पाणी भाजीच्या कुंडीत नको. दहापट पातळ करून शोभेच्या झाडांना द्या. पुढच्या वर्षी सहा-सात इंची शाडूची आणा. बादलीत काही तासांत मऊ पडते आणि माती पुन्हा वापरता येते. तेव्हा मुलांना हात घालू द्या.

ताजी_मासळी: मासे खात असाल तर तिथेही बघा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते, कारण तो विणीचा काळ. त्या दोन महिन्यांत धरणातले रोहू-कटला घ्या. एरवी तळहातापेक्षा लहान पापलेट नको. त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. गिऱ्हाईकच घेत नाही म्हटल्यावर विक्रेता आणणं कमी करतो. मुलाचा हात माशाशेजारी धरून मोजू नका मात्र, मोठ्यांचाच तळवा धरा.

दोन_समुद्र: नाला साफ करायची हौस असेल तर मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी. पावसात नको: लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती, आणि काचा दिसत नाहीत. ४ वर्षांच्याला नाल्यात उतरवूच नका, गल्लीतल्या गटाराच्या जाळीवरचा कचरा सांडशीने उचलू द्या. रबरी हातमोजे, बंद बूट, अर्धा तास, सकाळी ८ च्या आत.