बीएसडब्ल्यूच्या अर्जात घरातल्या आजाराबद्दल लिहावं का?

धानपट्ट्यातली

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातली. यंदा बारावी कला शाखेतून पास झाले, ६८ टक्के. नागपूरला बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करायची आहे. फॉर्म आणला आहे. त्याला एक कोरं पान जोडलेलं आहे: 'मला समाजकार्याचे शिक्षण का घ्यायचे आहे' हे स्वतःच्या अक्षरात लिहायचं. पुढे गटचर्चा आणि मुलाखत.

माझं कारण एकच आहे आणि तिथंच गाडी अडली. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला. पावसाळ्यात आणि थंडीत त्याचं दुखणं उठतं. पाठ, मांड्या, हात. कुठल्याच कुशीवर त्याला झोपता येत नाही. बाबा धानाच्या कामात असतात, आई शहरात एकटी जायला घाबरते, म्हणून त्याला दवाखान्यात नेणं नववीपासून माझ्याकडे आलं. तिथं समाजसेवा अधीक्षक, म्हणजे पेशंटच्या अडचणी सोडवायला मदत करणाऱ्या, मॅडम होत्या. रक्त लागलं तेव्हा कुणीतरी आम्हाला 'आधी रक्तदाता आणा' म्हणून परत पाठवलं होतं. मॅडम स्वतः उठून सोबत आल्या आणि सिकलसेलच्या पेशंटला रक्त मोफत आणि बदली रक्तदात्याशिवाय द्यायचं असतं, हे त्यांनी तिथं सांगितलं. एसटीचा मोफत प्रवास आणि दिव्यांग प्रमाणपत्र हेही त्यांच्याकडूनच कळलं. तोवर आम्ही प्रत्येक वेळी पूर्ण तिकीट काढत होतो. नंतर मी आजोळी दोन घरच्या मुलांचे हेच कागद करून दिले. त्या मॅडम करतात ते काम मला करायचं आहे.

आई म्हणते यातलं एक अक्षर लिहायचं नाही. गावात भावाला 'अशक्तपणा' आहे एवढंच माहीत आहे. मी स्वतः एएस, म्हणजे फक्त वाहक आहे. कागदावर गेलं की उद्या लग्न जुळवताना निघेल, ही तिची भीती. मैत्रीण उलट म्हणते, सगळं लिही, वाचून त्यांना पाझर फुटेल आणि सीट पक्की होईल. ते मला नको आहे. काका तर म्हणतात समाजसेवाच करायची तर डिग्री कशाला, साधं बीए कर.

लिहू का? नाही लिहिलं तर मग काय लिहू? आणि मुलाखत इंग्रजीत असते का?

(संपादन: तालुक्याचं नाव काढलं.)

---

फिल्डवर्क_मंगळ_बुध

अभिनंदन! मी नागपूरलाच बीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाषेची काळजी सोड. आमच्याकडे मुलाखत मराठीतच झाली, पेपरही मराठीत लिहितो. मुंबईला निर्मला निकेतनसारख्या ठिकाणी इंग्रजीचं प्रमाण जास्त आहे, नागपुरात त्यावाचून अडत नाही. इथे मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था १९५८ पासूनची आहे, तिरपुडे कॉलेज आहे. एकाच फॉर्मवर थांबू नकोस, दोन-तीन ठिकाणी भर. प्रत्येकाची तारीख वेगळी असते.

काकांना सांग की बीए आणि यात फरक फिल्डवर्कचा आहे. आठवड्यातले दोन दिवस एजन्सीत जायचं. कुणाला वस्तीतली शाळा मिळते, कुणाला बालगृह, कुणाला दवाखाना. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा आणि तो घेऊन आयसीला बसायचं, म्हणजे सर आणि आपण दोघंच. आमच्यातल्या एकीने पहिल्या अहवालात 'वस्तीतील पालक शिक्षणाबाबत उदासीन आहेत' असं लिहिलं होतं. सरांनी 'उदासीन'खाली रेघ मारून बाजूला लिहिलं, 'किती पालकांशी बोललीस? ते कामावरून किती वाजता येतात?' पुढच्या वेळी ती संध्याकाळी सातनंतर गेली. अर्ध्या आया घरकामाची दुसरी पाळी करून तेव्हा परतत होत्या, आणि शाळेची पालकसभा दुपारी तीनला. असं वाचून येत नाही गं, कुणीतरी रेघ मारावी लागते.

फिल्डवर्कला पासिंग वेगळं असतं आणि हजेरीत सूट नसते. हे घरी आधीच सांगून ठेव, कारण धान रोवण्याच्या दिवसांत 'चार दिवस ये' म्हणून फोन येतात.

---

सेतू_केंद्र

ताई, पान काय लिहायचं ते बाकीचे सांगतील, मी कागदांचं बोलतो. दरवर्षी जूनमध्ये रडणारी मुलं माझ्यासमोर उभी असतात म्हणून कळकळीने सांगतो.

जातीचा दाखला आहे पण वैधता (तो दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र) नाही, असं कला शाखेच्या मुलांचं हमखास होतं. सायन्सवाले अकरावीतच करून घेतात. तुमची वैधता नसेल तर आजच जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयर. बँक खात्याला आधार नुसतं जोडलेलं चालत नाही, सीडिंग (सरकारी पैसे आधारवरून थेट त्या खात्यात येण्याची नोंद) झालंय का ते बँकेत विचारा. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे, पैसे तिथंच अडकतात.

राहायचं काय ठरवलंय? सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. नंबर नाही लागला तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, नागपूर शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांना स्वयंम. पैसे उशिरा येतात, पहिल्या काही महिन्यांची सोय घरून धरून चला.

---

वॉर्डातली_ताई

मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे, आणि एका समाजकार्य महाविद्यालयाच्या मुलाखतींना बाहेरची सदस्य म्हणून बसते. तुझी पोस्ट वाचून लगेच लिहायला घेतलं. सगळ्यात आधी ती तालुक्याची ओळ काढ. जिल्हा, तालुका, टक्के, भाऊ, एवढ्यावरून गावातलं कुणीही ओळखेल. (काढलीस, बरं केलंस.)

आता मुद्द्याचं. आई नको म्हणते, मैत्रीण लिही म्हणते, तू विचारात पडली आहेस. या सगळ्यात भावाला कुणी विचारलं का? आजार त्याच्या अंगात आहे. लिहायचं की नाही, किती लिहायचं, हे त्याने सांगायचं. तो लहान असेल तरी दुखणं सोसण्याइतका मोठा आहे ना, मग हे ठरवण्याइतकाही आहे. त्याच्या तोंडून होकार आला तर आईशी बोल. नाही म्हणाला तर विषय संपला. 'घरातल्या एका व्यक्तीच्या दीर्घ आजारपणात माझा रुग्णालयाशी संबंध आला' एवढं वाक्य पुरतं.

तुझा स्वतःचा एएस रिपोर्ट मात्र अर्जात कुठेच आणू नकोस. त्याचा प्रवेशाशी काडीचा संबंध नाही. आईची भीती मला रोज ओपीडीत भेटते, त्यामुळे तिला हसू नकोस. तिला शांतपणे सांग की एएस म्हणजे आजारी नव्हे. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी मुलाची तपासणी करायची, मुलीचा रिपोर्ट दडवून काही साधत नाही. पण हे बोलणं लग्नाच्या वेळचं. आज फॉर्म भरायचा आहे.

मुलाखतीच्या टेबलावर काय होतं ते सांगते. आमच्यासमोर पानांचा गठ्ठा असतो आणि बहुतेक पानं 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' इथून सुरू होतात. पुढे अनाथ, गरीब, वृद्ध यांची यादी. मुलगी खरी असते, पण त्या पानात ती दिसत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पानांत फक्त दुःख असतं. ते वाचून आम्हालाही वाईट वाटतं, पण आम्हाला शोधायचं असतं ते हे: ही दुसऱ्या माणसाचं ऐकून घेऊ शकते का, आणि ऐकल्यावर काही हालचाल करते का?

त्याचं उत्तर तुझ्या पोस्टमध्ये एका ओळीत येऊन गेलं. आजोळी दोन घरच्या मुलांचे कागद करून दिलेस. अगं, तेच लिही! पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलीस तेव्हा त्यांना कसं विचारलंस? कोणता कागद अडला? कुणाच्या टेबलावर अडला? काय जमलं नाही? सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आलं, पण तुझ्या आजोळच्या घरापर्यंत यायला तू लागलीस. हे का झालं असेल, असा प्रश्न पडला असेल तर तोही लिही. त्या घरांची नावं आणि गाव लिहू नकोस. कुणी मुलाखतीत खोदून विचारलं की आजार नेमका कुणाला, तर सरळ म्हण, 'ती माहिती त्या व्यक्तीची आहे, तिच्या परवानगीशिवाय मी सांगणार नाही.' समाजकार्य शिकवणाऱ्या माणसाला ते उत्तर आवडेल, गोपनीयता हा केसवर्कचा, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाचा, पायाच आहे.

काकांचं एक बरोबर आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) कुठल्याही पदवीनंतर करता येतं, आणि तुला हव्या असलेल्या रुग्णालयातल्या पदाला एमएसडब्ल्यूच लागतं. नुसत्या बीएसडब्ल्यूवर ते मिळत नाही, हे आजच माहीत असू दे. बीएसडब्ल्यूनंतर संस्थांच्या प्रकल्पांत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षासारख्या ठिकाणी जागा निघतात, बऱ्याचशा कंत्राटी, पगार बेताचा. तरीही मी बीएसडब्ल्यूच कर म्हणेन. एमएसडब्ल्यूला बीएवरून आलेली मुलं हुशार असतात, पण पेशंटच्या बायकोसमोर बसून गप्प राहायला त्यांना वेळ लागतो. तिला आधी रडू द्यायचं, मग कागद काढायचा. हे ज्याने पदवीपासून केलंय त्याचा हात वेगळा चालतो. आणि डिग्री कशाला म्हणाल तर मुंबईत १९३६ साली टाटांनी याच शिक्षणाची संस्था काढली. मन चांगलं असणं आणि काम येणं या दोन गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळलं होतं.

शेवटी एक विचारते. तू नागपूरला आलीस की भावाला दवाखान्यात कोण नेणार? त्याची फाईल, गोळ्या, पुढची तारीख कोण बघणार? हे प्रवेशाआधी लाव. नाहीतर पहिल्याच सत्रात तू अर्धी घरी आणि अर्धी वर्गात असशील.

---

एसएस_पण_ठणठणीत

माझं मत वेगळं आहे. मी स्वतः एसएस आहे, वय ३१, नोकरी करतो. घरच्यांनी दडवलं होतं आणि दहावीत पेपरात दुखणं उठलं. शिक्षकांना माहीतच नव्हतं. आज मी ऑफिसात पहिल्या दिवशी सांगतो. आपण लपवत राहिलो तर गावाला वाटणारच की यात लाजण्यासारखं काही आहे. ताई, तू शिकून हेच बदलायला येणार आहेस. उघड लिही.

---

वॉर्डातली_ताई

दादा, तुमचा शब्द न् शब्द पटतो, आणि तुमच्यासारखे आणखी लोक बोलायला हवेत. पण तुम्ही स्वतःबद्दल सांगता. ती भावाबद्दल सांगणार आहे. म्हणूनच त्याला विचार म्हणाले.

---

धानपट्ट्यातली

सगळ्यांचे खूप आभार. वैधतेची पावती आहे, आधार सीडिंग सोमवारी बघते.

भावाला विचारलं. त्याला नवलच वाटलं, कारण याबद्दल त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. थोडा वेळ थांबून म्हणाला, 'सिकलसेल लिही, पण मी रात्री रडतो वगैरे लिहू नको. आणि एसटीच्या पासचं लिही, ते मीच तुला आठवण करून दिलं होतं.' दादांची पोस्ट त्याला वाचून दाखवली, ती त्याने दोनदा वाचायला लावली. शाळेत सरांना सांगायचं म्हणतोय.

आई अजून नाराज आहे. पण माझा एएस रिपोर्ट कुठे जाणार नाही म्हटल्यावर थोडी निवळली. पुढच्या तारखेला भाऊ फाईल स्वतः धरेल, प्रश्न स्वतः विचारेल आणि आई सोबत जाईल, मी मागे बसेन. त्यानंतरच्या तारखेला ते दोघंच जातील.

पान लिहायला घेतलं आहे. आजोळच्या एका मुलाचं प्रमाणपत्र अजून झालेलं नाही, कारण त्याच्या आधारवर जन्मतारीख वेगळी आहे आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी. तिथूनच सुरू केलं. 'आवड' हा शब्द कुठेच आला नाही.

गटचर्चेत काय करतात? मी कधी केलेली नाही.

---

फिल्डवर्क_मंगळ_बुध

आठ-दहा जण गोल बसवतात आणि विषय देतात. आम्हाला शाळाबाह्य मुलं हा होता. जे सगळ्यात मोठ्याने बोलले ते निवडले गेले असं काही झालं नाही. एक मुलगी मध्येच म्हणाली, 'यांना बोलायचं होतं, आपण बोलू दिलं नाही,' आणि शेजारच्या मुलाकडे हात केला. ती आज माझ्या वर्गात आहे. तुला धानपट्ट्यातलं जे माहीत आहे ते बोल. रोवण्यात मुलं शाळेतून किती दिवस गायब असतात हे शहरातल्या मुलांना माहीतही नसतं.

सगळे मूळ कागद आणि दोन झेरॉक्स संच ने, आदल्या रात्रीच लावून ठेव. सकाळची गाडी उशिरा येते, शक्य असेल तर आदल्या दिवशी ये. आणि फॉर्म जमा केलास की पोच घे, त्यावर शिक्का आहे का ते तिथंच उभं राहून बघ.