पाडव्याला शके लिहायचं की विक्रम संवत?

धंतोलीकर: इथे एकाने लिहिलंय, “पाडव्याच्या शुभेच्छांत शके नको, विक्रम संवत लिहा, साऱ्या देशाचा वर्षारंभ तोच.” साफ चूक. गुजरातेत विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. उत्तरेत चैत्रातच बदलतो, पण तिथे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून चैत्राचा वद्य पक्ष जुन्या वर्षात राहतो आणि शुद्ध पक्ष नव्यात जातो. आपल्याकडे महिना आणि वर्ष एकत्रच उघडतात. 19 मार्च 2026 ला शके 1948 लागला, पराभव संवत्सर. तेच लिहा.

गोकुळपेठ: भाऊ, अर्धं नागपूर हिंदी बोलते. विक्रम संवत 2083 लिहिल्यानं काय बिघडलं? सरकारी शकाचा 1 चैत्र तर 22 मार्चला येतो. तुमचा शके तरी एक आहे का?

धंतोलीकर: ती 1957 पासूनची सौर दिनदर्शिका. तिचा तिथीशी संबंध नाही.

महालकर: 19 ला सूर्योदयाला अमावास्या होती, म्हणून काहींनी 20 ला गुढी उभारा म्हटलं. प्रतिपदा 19 ला उजाडल्यावर लागली, 20 च्या पहाटे संपली. कोणताच सूर्योदय न मिळालेली, म्हणजे क्षयतिथी! 20 ला उभारली तर ती द्वितीयेला.

काटोलवाला: तिथ्या सोडा राजेहो. गावात पाडव्याला सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठरतो. मागचं साल 354 दिवसांचं. यंदा अधिक ज्येष्ठ, पुढचा पाडवा 7 एप्रिल 2027, म्हणजे 384 दिवस. सालाचे 1,20,000 रुपये ठरले तर दिवसाची मजुरी 339 वरून 312 वर येते. वर खाडा, म्हणजे गैरहजर दिवसाचे पैसे, कापताना मालक 365 नं भागून 329 कापतो. हा अन्याय आहे.

गोकुळपेठ: अधिक महिना ज्येष्ठात असला तरी साल लांबते शेवटी, म्हणून वाढीव दिवस फाल्गुनात. गहू-हरभरा निघालेला, काम कुठे असते?

काटोलवाला: ढोरं फाल्गुनात चारा-पाणी मागत नाहीत? संत्र्याचं ओलित कोण करते?

गोकुळपेठ: दोन-तीन सालांत सरासरी निघतेच.

काटोलवाला: तोच गडी टिकला तर! एक साल करून सुटला त्याचे 30 दिवस गेले. “पाडवा ते पाडवा” नुसतं बोलू नका. दोन्ही तारखा, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), धान्य कागदावर लिहा. अधिक महिन्याचे पैसे वेगळे धरा, खाडा 384 नं भागूनच कापा.

गोकुळपेठ: खाड्याचं मान्य. संवताचं नाही.

धंतोलीकर: मग 2083 पुढे “चैत्रादी”, म्हणजे चैत्रापासून सुरू होणारा, एवढं तरी लिहा. गुजराती माणसाच्या वहीत त्या दिवशी 2082 च चालू असतं.