प्रतिसाद: विमान असताना जहाज कशाला?

वर कोणीतरी विचारलंय की विमानं असताना लोक एवढ्या हळू जहाजाने माल का पाठवतात. अहो साधा हिशोब आहे, आपल्या नाशिकची द्राक्षंच घ्या. 40 फुटी रीफर (म्हणजे फ्रीजसारख्या थंड) कंटेनरमधे साधारण 12-13 टन द्राक्ष बसतं, प्री-कूलिंग करून (आधीच थंड करून), पेटीत बुरशी लागू नये म्हणून सल्फरचे पॅड टाकून ते न्हावाशेवा बंदरात जातं आणि तिथून एरवी सुएझ कालव्यातून नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला, कंटेनरच्या आत तापमान 0 डिग्रीच्या आसपास असतं म्हणून प्रवासाचे इतके आठवडे टिकतं. हेच विमानाने पाठवलं तर भाड्यातच सगळं संपलं की! (हापूस अमेरिकेला बहुतेक विमानाने जातो, तिकडचा पेटीचा भाव बघा म्हणजे कळेल.) जगातला 80 टक्क्यांच्या आसपास माल समुद्रातूनच जातो, भारताचा तर वजनाने जवळपास 95 टक्के.

पण खरी गोची वेगळीच आहे. नोव्हेंबर 2023 पासून लाल समुद्रात (सुएझला जायचा रस्ताच तो) येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, मग मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपवरून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, प्रवास 10-15 दिवसांनी लांबला, भाडी कैच्या कै वाढली, आणि हे सगळं नेमकं द्राक्षाच्या सीझनच्या तोंडावर. वर इन्शुरन्सवाल्यांनी वॉर रिस्कचा (युद्धाच्या धोक्याचा) प्रीमियम चढवला तो वेगळाच. आता हा जादा खर्च युरोपातला खरेदीदार थोडाच सगळा सोसणार, शेवटी निफाड-दिंडोरीच्या बागवाल्याशीच रेटवरून घासाघीस होते.